थंडीले काय भ्यायचं!

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ला टेकला की माणूस कशालाही हो म्हणतो. कापूस विकून झाला होता, पेरणीला अवकाश होता, त्यात तालुक्याच्या टूरवाल्याने 'लेह-लडाख, घरगुती जेवणासह' असा फलक लावला. गावातून अख्खी वरातच निघाली. माजी सरपंच, गुरुजी, त्यांचे व्याही, सगळ्यांच्या बायका, आणि आमचे काकाजी. गरम कपड्यांची यादी आली तेव्हा काकाजींनी ती घडी करून खर्ऱ्याच्या पन्नीखाली ठेवली. "थंडीले काय भ्यायचं? जानेवारीत रात्री दोनले लाईन येते, तवा गव्हाले पाणी कोन देते? मीच ना!"

लेहला उतरलो तर लख्ख ऊन. काकाजींनी विजयी मुद्रेने माझ्या स्वेटरकडे पाहिलं. पण टूर मॅनेजर नावाच्या त्या कोवळ्या पोराने तिथेच शिक्षा सुनावली. आपण साडेअकरा हजार फुटांवर आहोत, एका श्वासात घरच्यापेक्षा तिसरा हिस्सा ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून आज कोणीही काहीही करायचं नाही. झोपा, पाणी प्या, अंघोळ टाळा.

थंडी परवडली, हा आराम नाही परवडला. जन्मात दिवसा न लवंडलेल्या माणसांना तुम्ही पलंगावर पडून राहा म्हणता? "पैसे भरून झोपाले आलो का गा पोरा?" हा काकाजींचा सवाल. बायकांचा प्रश्न त्याहून बिकट. अंघोळ नाही तर देवाला हात कसा लावायचा? सोबत आणलेले बाळकृष्ण डब्यातच राहिले. सरपंच मात्र कोणाला मोठी खोली मिळाली हे तपासायला जिना चढले. अर्ध्यावर मटकन बसले आणि राजकीय आयुष्यात प्रथमच त्यांचं भाषण मध्येच थांबलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची डोकी ठणकायला लागली. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, त्यामुळे गावाकडे तक्रार करायचीही सोय नव्हती. गुरुजींचं एकट्याचं पोस्टपेड. त्यांच्या खोलीबाहेर रेशन दुकानासारखी रांग.

घरगुती जेवणाचं सांगायचं तर, लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. तेवढ्यावर तुरीची डाळ हलत नाही, कुकरच लागतो. ही माहिती स्वयंपाक्याकडून मिळवून आमच्या सौभाग्यवतींनी पुढे प्रत्येक जेवणात कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. तिचे चिवड्याचे सीलबंद पुडे बाहेरचा दाब कमी झाल्याने टम्म फुगले होते. खार्दुंग ला खिंडीच्या वाटेवर त्यातला एक फुटला तेव्हा ड्रायव्हरने टायर पाहायला गाडी थांबवली.

खार्दुंग लावर फार वेळ थांबायचं नाही, अशी मॅनेजरची ताकीद होती. पण फोटोत आधी कोण उभं राहणार, व्याही की सरपंच, हे ठरायला वेळ लागतोच. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, जीपीएसने मोजल्यावर खिंड १७,५८२ भरली. हे गुरुजींनी सांगताच सरपंच धापा टाकत म्हणाले, "म्हंजे... मोजणी... इथंबी... चुकते!" काकाजी गाडीतून उतरलेच नाहीत. माझा स्वेटर, बायकोची शाल आणि ड्रायव्हरचं घोंगडं यांच्या आतून फक्त त्यांचे डोळे दिसत होते. खर्रा थुंकायला काच खाली करण्याची हिंमत नव्हती, म्हणून लडाखात त्यांचा खर्राही सुटला. घरच्यांना जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते वाऱ्याने केलं.

पँगाँग तलावाकाठचा तंबू म्हणजे कहरच. रात्री जनरेटर बंद झाला आणि सगळे रजईखाली दातांचे टाळ वाजवत पडलो. सकाळी मात्र ते निळंशार पाणी पाहून काकाजी पहिल्यांदा घोंगड्याबाहेर आले. तीर्थ म्हणून चूळभर तोंडात घेतलं आणि थुंकले.

"अबे, हे तं खारं हाये!"

गुरुजींनी माहिती पुरवली. तलाव सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे, मोठा भाग चीनच्या ताब्यात आहे, पाणी बाहेर वाहून जात नाही म्हणून खारट झालंय.

काकाजी बराच वेळ त्या किनाऱ्याकडे शेतकऱ्याच्या नजरेनं बघत राहिले.

"एवढं पानी, अन् एक एकर ओलित नाई," ते म्हणाले. "सरपंच, इथंबी अनुशेषच हाये म्हना."