‘कधी जाऊन राहिली मग?’ या प्रश्नाला माझ्याजवळ तारीख नाही

परवा धरमपेठेत भाजी घेताना शाळेतली एक मैत्रीण भेटली. "अगं, तू इथंच? मला वाटलं गेली तू अमेरिकेला. कधी जाऊन राहिली मग?" (म्हणजे आमच्या नागपुरी बोलीत, कधी जाणार?) मी नेहमीसारखं "होईल, प्रोसेस सुरू आहे" म्हटलं आणि सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी पिशवीत टाकून निघाले. घरी येईपर्यंत ठरवलं की आता एकदाच सगळं लिहून टाकायचं. ज्यांना मनापासून काळजी आहे त्यांना खरं काय ते कळेल, आणि माझ्यासारखं कोणी अडकलेलं असेल तर त्याच्या कदाचित कामी येईल.

माझा नवरा अमेरिकन आहे, ओहायोत राहतो. आमचं लग्न २०२२ मध्ये इथंच, नागपुरात झालं. त्यानंतर त्याने मला बायको म्हणून तिकडे नेण्यासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला, मेडिकल झालं, पोलीस क्लिअरन्स झालं. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकन वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीला बाबा आणि मी रात्रीच्या दुरांतोने मुंबईला गेलो. मुलाखत जेमतेम दहा मिनिटं चालली. खिडकीपलीकडचा माणूस अगदी सौजन्याने बोलला, शेवटी एक कागद दिला आणि म्हणाला की सुरक्षेची तपासणी बाकी आहे, ईमेल येईल. कागदावर लिहिलं होतं, कलम २२१(जी). त्याला आता चौदा महिने झाले.

हे कलम त्यांच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं. त्याचा अर्थ एवढाच की आज व्हिसा देता येत नाही, काहीतरी बाकी आहे. पूर्वी अशी केस वेबसाईटवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग’ म्हणून दिसायची. २०२० पासून तिथं ‘रिफ्यूज्ड’ असं दिसतं. आईने तो शब्द पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती देवघराजवळ जाऊन बसली. "रिफ्यूज्ड म्हणजे नाहीच म्हटलं ना?" मी तिला समजावलं की अजून नाही म्हटलेलं नाही. पण त्या एका शब्दाचं वजन मला नंतर कळलं. उशीर झाला म्हणून कोणी तिकडच्या कोर्टात गेलं तर सरकारी वकील हाच शब्द पुढे करतात: निर्णय तर झालाच आहे, उशीर कसला?

मुलाखतीनंतर आठवड्याभरात एक फॉर्म आला, डीएस-५५३५. गेल्या १५ वर्षांतले सगळे पत्ते, १५ वर्षांतल्या नोकऱ्या, १५ वर्षांतला प्रवास आणि त्या प्रवासाचा पैसा कोणी दिला. भावंडांची नावं आणि जन्मतारखा. ५ वर्षांतले फोन नंबर, ईमेल, सोशल मीडियावरची खाती. आई, बाबा आणि मी दोन रात्री जेवणाच्या टेबलावर जुने लिफाफे पसरून बसलो होतो. हॉस्टेलच्या पावत्या, एका भाड्याच्या खोलीचा करारनामा, विजेची बिलं. कॉलेजात असताना मी सहलीला काठमांडूला गेले होते. ‘पैसा कोणी दिला’ या रकान्यात मी ‘वडील’ लिहिलं आणि सहज विचारलं, "बाबा, तेव्हा किती लागले होते हो?" बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, "पीएफमधून काढले होते थोडे. तुझ्या सगळ्या मैत्रिणी जाऊन राहिल्या होत्या ना." इतक्या वर्षांनी, परक्या देशाच्या फॉर्ममुळे मला हे कळलं. मी तो रकाना तसाच ठेवून आत गेले आणि तोंडावर पाणी मारून आले.

तपासणी कशात अडकली हे कोणी सांगत नाही. माझा अंदाज आहे की माझ्या नावात. वानखेडे हे आडनाव विदर्भात गावोगाव आहे. इंग्रजीत कोणी ते डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. शेवटी कोणी ‘खेडे’, कोणी ‘खडे’. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते लग्नानंतर बदलूही शकतं, ही गोष्ट त्यांच्या फॉर्ममध्ये बसतच नाही. ‘आजवर वापरलेली सर्व नावे लिहा’ असं म्हटल्यावर आपल्याकडची कुठलीही बाई चार-पाच नावं लिहील.

आणि नावावरून माणसं अडकण्याचा तिकडे इतिहास आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तपासणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. २००२ च्या शेवटी त्यांच्या इमिग्रेशन खात्याने सुमारे २७ लाख नावं एफबीआयकडे पुन्हा तपासायला पाठवली. तिथल्या जुन्या फायलींत तुमच्यासारखं नाव कुठेही आलं असेल, आरोपीचं नव्हे, एखाद्या साक्षीदाराचंही, तरी संगणक ‘जुळलं’ म्हणतो. मग ती कागदी फाईल कुठल्या शहरातल्या ऑफिसात आहे ते शोधायचं, मागवायची, माणसाने बसून वाचायची. लोकांची वर्षंच्या वर्षं त्यात गेली. शेवटी २००८ च्या फेब्रुवारीत खात्याने ठरवलं की ग्रीन कार्डाच्या अर्जात बाकी सगळं नीट असेल आणि नुसती नावाची तपासणी १८० दिवसांहून जास्त रखडली असेल, तर अर्ज मंजूर करायचा. पुढे काही निघालंच तर कारवाई करायची. म्हणजे मुदत घालता येते, त्यांनीच घातली होती. पण ती देशात आधीच पोचलेल्यांसाठी. आमच्यासारख्या बाहेर बसलेल्यांच्या वाट्याला तोच १८० चा आकडा वेगळ्या रूपात येतो: मुलाखतीनंतर निदान १८० दिवस तरी चौकशीसुद्धा करू नका, अशी सूचना.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला ठामपणे म्हणायचं आहे. तपासा. हवं तेवढं तपासा. पण किती दिवस, ते सांगा.

आमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फळ्यावर लागली, ३० दिवस. तेव्हा तो महिना सरता सरत नव्हता. कोणी काही उकरून काढेल का, कोणी आक्षेप घेईल का, या विचाराने आईला झोप नव्हती. आज मला त्या १९५४ च्या कायद्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कोणी आक्षेप घेतलाच, तर त्याची चौकशीही ३० दिवसांच्या आत संपवायची असं त्यात लिहिलं आहे. शंका घ्यायला जागा ठेवली, पण शंकेलाही मुदत घातली. (आपलं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. भारतीय माणसाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड) हवं असेल तर लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात आणि आधी सुरक्षेची मंजुरी लागते. म्हणजे उलट्या दिशेनेही माणसं ताटकळतातच.)

२०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने म्युन्योझ खटल्याचा निकाल दिला. लॉस एंजेलिसची एक वकील बाई, अमेरिकन नागरिक; नवरा एल साल्व्हाडोरचा. त्याच्या अंगावरच्या टॅटूंवरून टोळीचा संशय घेतला गेला आणि २०१५ मध्ये व्हिसा नाकारला गेला. कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. दुसऱ्या दिवशी इथं सकाळचे आठ वाजले होते, तिकडे रात्रीचे साडेदहा. नवऱ्याने मला निकालातला भाग वाचून दाखवला आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही. शेवटी "सॉरी" म्हणाला. स्वतःच्या देशाच्या वतीने माणूस माफी मागतो तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही भांडलोही खूप. तू खासदाराच्या ऑफिसला फोन का केला नाहीस, तू तो जुना पत्ता फॉर्ममध्ये का विसरलीस. (तिकडे खासदाराच्या कार्यालयातून आपल्या केसची विचारपूस करता येते. त्याने दोनदा केली, दोन्ही वेळा ‘तपासणी सुरू आहे’ असंच उत्तर आलं. तरी करावी, नोंद राहते.) खरं तर दोष दोघांचाही नव्हता. पण समोर दुसरं कोणी नसलं की राग घरातल्याच माणसावर निघतो.

मी केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाखतीच्या आधीच कॉलेजातली नोकरी सोडली. आता जाणारच आहे, मग विद्यार्थ्यांचं अर्ध्यात नुकसान नको, असं वाटलं. जे या रस्त्याने जात आहेत त्यांना हात जोडून सांगते, पासपोर्ट व्हिसासकट हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, घर सोडू नका, सामान विकू नका. मेडिकल साधारण सहा महिनेच चालतं, नंतर तेही पुन्हा करावं लागतं, त्याचे पैसे बाजूला ठेवा. आणि बायको किंवा नवरा अडकला असेल तर पर्यटक व्हिसावर भेटून येऊ, या आशेवर राहू नका. स्थायिक व्हायला निघालेल्या माणसाला तो मिळणं फार अवघड. जो येऊ शकतो त्याने यायचं. दिवाळीत तो तीन आठवडे इथं येऊन राहिला, बाबांसोबत रोज सकाळी अंबाझरीला फिरायला गेला. त्या तीन आठवड्यांवर मी पुढचे महिने काढले.

गेल्या एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या अगदी सडल्या होत्या. बाबा नव्या आणतो म्हणाले, मी म्हटलं कशाला, मेपर्यंत तर मी जाईन. माझ्या खोलीत तोच कूलर गरम हवा फेकत राहिला. मे सरला, मी इथंच. रात्री दोन वाजता घामाने ओली होऊन जागी झाले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की गेले काही महिने मी स्वतःच्याच घरात पाहुणी होऊन राहते आहे. नवी चप्पल नाही, लायब्ररीचं कार्ड नाही, दातांचं काम पुढे ढकललेलं.

त्यानंतर आम्ही ठरवलं की ते मुदत सांगत नसतील तर आमच्या मुदती आम्हीच घालायच्या. वेबसाईट फक्त सोमवारी बघायची, तीही दोघांनी फोनवर असताना. त्याने दर सहा महिन्यांनी इथं यायचं. जूनपासून मी पुन्हा तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पैसे कमी मिळतात, पण अकरावीची पोरं समोर बसली की दोन तास मला ‘रिफ्यूज्ड’ आठवत नाही. दीड वर्ष झालं की तिकडच्या कोर्टात जायचं, म्हणजे जुलैमध्ये. कोर्ट व्हिसा द्या असं सांगत नाही, निर्णय द्या एवढंच सांगू शकतं, आणि तेही सांगेलच असं नाही. तरी ती तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे.

नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना एक विनंती आहे. ‘कधी जाऊन राहिली’ विचारू नका. काही झालं तर मी स्वतः पेढे घेऊन येईन. ‘नवऱ्याने तिकडे दुसरं काही केलं तर नाही ना’ हे तर आईसमोर अजिबात बोलू नका. ती तुमच्यासमोर हसते आणि रात्री मला उठवून विचारते. त्यापेक्षा शिकवणं कसं चाललंय ते विचारा. जेवायला बोलवा.

रविवारी बाबांनी गच्चीवरून कूलर खाली आणला. नव्या ताट्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या, खसच्या. सकाळचे सात वाजले होते, नवरा तिकडे झोपायच्या आधी व्हिडिओवर होता. बाबांनी पाणी भरलं, पंप सुरू केला, वरून पाण्याच्या धारा ताट्यांवर उतरल्या आणि खोलीभर ओल्या खसचा वास सुटला. तो म्हणाला, मला दिसतंय, पण वास येत नाही, सांग ना कसा आहे. मी फोन कूलरसमोर धरून त्याला सांगत बसले.