पंधरा डब्ल्यू चाळीस

निफाडच्या थंडीत पहाटे द्राक्षबागेवर फवारणी करायची असेल, तर आधी ट्रॅक्टरला उठवावे लागते, आणि आमचा चाळिशी ओलांडलेला आयशर 241 पारा पाच अंशांवर उतरला की घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा दोनदा खाकरून पुन्हा झोपी जातो. यंदा इंजिनाचे तेल बदलताना थंडीचाही विचार करावा, असे मी घरात बोललो, तेथेच चुकले.

“तुझ्या जन्माआधीपासून याला चाळीस नंबरचे तेल पाजतोय,” अण्णा म्हणाले. इंजिन अडीचशे तास चालले की तेल बदलावे असे मी ऐकून होतो. पण उंदरांनी केबल कुरतडल्यापासून आमचा तासमापक एकाच आकड्यावर समाधी लावून बसला आहे. ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तिकेत तेलाचे पान होते, मात्र नेमके तेच पान तेलाने माखून वाचता येईनासे झाले होते.

तालुक्याच्या दुकानात मी 15डब्ल्यू-40 तेल मागितले. दुकानदाराने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “दादा, इंजिन म्हातारे आहे, त्याला घट्ट तेल लागते.” त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो आणि 40 हा शंभर अंशांवरचा दाटपणा असतो, म्हणजे तापल्यावर हे तेल अण्णांच्या चाळीस नंबरइतकेच घट्ट राहते, हे मी समजावून सांगेपर्यंत त्याने तीन गिऱ्हाइके वाटेला लावली. शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रींनी माझ्या डब्यातला थेंब बोटांत चोळला, हुंगला आणि “माल बरा आहे” एवढाच निकाल दिला, जो माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा दुकानात अधिक मानला गेला. विजयाच्या भरात मी स्टिअरिंगसाठी नव्वद नंबरचे गिअर ऑइल, ग्रीसचा डबा आणि दुकानदाराने पुढे सरकवलेला हिरव्या कूलंटचा पाच लिटरचा कॅन, असे सगळेच घेतले.

जुने तेल काढून नवे भरले, उरलेले एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपर्यंत ओतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आयशर पहिल्याच हाकेला उठला. अण्णांच्या मते त्या रात्री थंडी कमी होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, ओढून माझ्या नाकासमोर धरली. “बघ, काळे पडले. डुप्लिकेट.” डिझेलची काजळी तेलाने स्वतःत धरून ठेवायची असते, तेव्हा ते काळे पडणे म्हणजे ते काम करते आहे, असे मी म्हणालो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले. “मग आधीचे काय झोपा काढत होते?”

कूलंटचा कॅन अजून गोठ्याच्या वळचणीला सीलबंद उभा आहे. आयशरचे हे इंजिन वाऱ्यावर थंड होते. त्याला पाणी किंवा कूलंट घालायला जागाच नाही, ही गोष्ट लहानपणापासून त्याच्यावर बसत आलेल्या मला बिल चुकते केल्यावर आठवली. परवा भावकीतल्या एकाने तो कशासाठी आणला, असे विचारले.

“ट्रॅक्टरसाठी,” अण्णा म्हणाले. “रेडिएटर पुढच्या खेपेला आणणार आहे तो.”