धडधाकट दिसतंय म्हणून तपासायचंच नाही का?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. ऑफिसात सहज बोलले की उद्या अर्धी रजा घेतेय, आमच्या मांजरीचं, मनीचं, सहामाही चेकअप आहे, तर एक जण म्हणे "काय झालंय तिला?" म्हटलं काही नाही. "मग कशाला नेतेस, नसते लाड!" आणि हाच माणूस स्वतःच्या आईबाबांचं शुगर-बीपी न चुकता तपासून आणतो, ते काय आजारी पडल्यावर नेतो का त्यांना?

आपल्यासारख्या प्राणी पाळणाऱ्यांना हे सांगायला लागू नये खरंतर. तरी सांगते.

आमची मनी अकराव्या वर्षी एकदम पोरकट झाली होती. वाटी चाटूनपुसून साफ, की लगेच पायात घुटमळून परत आरडाओरडा, मध्यरात्री घरभर धावाधाव. येईल तो म्हणायचा, वा, या वयात काय तब्येत आहे! वार्षिक तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांना सांगायला माझ्याकडे एक तक्रार नव्हती. त्यांनी काट्यावर ठेवली, ४.२ किलोची ३.६ झालेली. मग तिची हनुवटी वर करून गळ्यावरून दोन बोटं हळूच खाली आणली, एका जागी थांबले, परत आणली. बीपी घेतलं तर चढलेलं, रक्तात टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, वाढलेलं. थायरॉइड! ती भूक, ते धावणं, सगळं त्याचंच. आणि बीपी असंच चढत राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होऊ शकतं, मग लोक रात्री-अपरात्री दवाखाना शोधत फिरतात.

सहाशे ग्रॅम म्हणजे किरकोळ वाटतं ना? पासष्ट किलोच्या माणसाचे नऊ किलो गेल्यासारखं आहे ते. रोज उचलून घेणाऱ्याला कळत नाही, काट्याला कळतं.

दुखणं लपवण्यात मांजरं पक्की असतात, कुत्रीही काही कमी नाहीत. किडनीचंच घ्या, रक्तात क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं, म्हणून लघवीपण तपासायची, ती पातळ व्हायला लागली की बऱ्याचदा आधी सुगावा लागतो, एसडीएमए ही किडनीसाठीची रक्ताची टेस्टही बहुतेक वेळा लवकर सांगते. शिवाय जुने आकडे हाताशी लागतात. मनीचं थायरॉइड गोळ्यांनी ताब्यात आलं आणि किडनीचे आकडे वर सरकले, कारण वाढलेलं थायरॉइड किडनीचा आजार झाकून ठेवतं. रिपोर्ट अजून नॉर्मलच्या रेषेत होता हो! पण आधीचा शेजारी ठेवला म्हणून डॉक्टरांना दिसलं.

खर्च होतो, मान्य. काही जण भारंभार टेस्ट लिहितात, तेही मान्य. मग विचारा ना तोंड उघडून, यातली आत्ता कुठली हवी आणि कुठली थांबेल. वजन करणं, दात बघणं, छाती ऐकणं, पोट चाचपणं, एवढं तरी करून घ्या.

लिहिता लिहिता राग उतरलाय जरा. तो ऑफिसातला काही दुष्ट नाहीये, जीव आहे त्याचा कुत्र्यावर. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, जिना चढताना मध्येच थांबतो, तर हा म्हणतो "वय झालं आता." अरे बाबा, वय हा आजार नाही, सांधे दुखत असतील त्याचे, त्यावर औषधं आहेत! मोठ्या जातीची कुत्री पाच-सहा वर्षांतच उताराला लागतात, आणि स्प्लीनवरची (प्लीहेवरची) गाठ बाहेरून दिसत नाही, ती फुटून पोटात रक्त साचतं तेव्हा कुत्रं उभ्याउभ्या कोसळतं. सोनोग्राफीत ती आधी सापडू शकते. दरवेळी सापडेलच असं नाही, पण बघायचंच नाही हा कुठला न्याय?

तर तरण्यांना वर्षातून एकदा, म्हाताऱ्यांना सहा महिन्यांनी. तोंडाला वास येत असेल तर तेवढीही वाट बघू नका, तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेकांच्या हिरड्या बिघडायला लागलेल्या असतात. मांजरवाल्यांनी पिंजरा चार दिवस आधीच काढून उघडा ठेवा, आत तिचं रोजचं पांघरूण टाका, ऐनवेळी कोंबू नका. उपाशी आणायचं का, लघवीचा नमुना घरून न्यायचा का, हे फोनवर आधीच विचारा. आणि जुने रिपोर्ट प्लीज फेकू नका, निदान फोटो तरी काढून ठेवा.