पांढऱ्यावर काळं

भरतकामाचं मशीन घेतलं तेव्हा वाटलं होतं, दोरा ओवायचा, बटण दाबायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. कापडाखाली बॅकिंग, म्हणजे टाके पडताना कापडाला आधार देणारा कागदासारखा थर, लावावं लागतं, ही बातमी मला पहिल्या हत्तीनंतर कळली.

हत्ती भाच्याच्या टी-शर्टवर काढायचा होता. हाताशी फाडून काढायचं बॅकिंग होतं. फाडायला सोपं, म्हणून मला लगेच पटलं. पण हत्ती 14,000 टाक्यांचा. सुईने इतकी भोकं पाडल्यावर बॅकिंगने अर्ध्यातच अंग काढून घेतलं. मग टी-शर्टचं ताणणारं कापड दोरा ओढेल तिकडे गोळा होत गेलं. काळी कड हत्तीपासून 2 मिलिमीटर लांब पडली, म्हणजे हत्ती स्वतःच्या बाहेर उभा. वर सगळीकडे चुण्या. "दादा, हत्तीला सुरकुत्या असतातच रे," बहीण म्हणाली. धाकट्या बहिणी अशाच वेळी फार समजूतदार होतात.

ताणणाऱ्या कापडाला कापायचं बॅकिंग लागतं. कडेचं कात्रीने कापायचं, टाक्यांमागचं जन्मभर तिथेच. फाडायचं चालतं ते न ताणणाऱ्या, घट्ट विणीच्या कापडाला. टॉवेलची तऱ्हा निराळी : तिथे वरूनही पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा घालायचा, नाहीतर टॉवेलचे फासे नावातली अक्षरं गिळतात. हे सगळं मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येतं.

अडचण खणात आहे. खणात बॅकिंगचे वीसेक तुकडे आहेत आणि सगळे पांढरे. वेष्टनं मी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी फेकली. त्यामुळे ओळखपरेड घ्यावी लागते. फाडून पाहायचं, फाटलं तर फाडायचं होतं, आता नाही. कोपरा पाण्यात बुडवायचा. विरघळला तर विरघळणारं होतं. एक तुकडा दोन्ही परीक्षांत टिकला, म्हणून त्यावर इस्त्री फिरवली. तो चिकटवायचा निघाला. इस्त्रीलाच चिकटला.

शेवटी ठरवलं, पांढऱ्यावर काळं करून ठेवायचं. उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर स्केचपेनने ठळक नाव लिहिलं. विरघळणाऱ्यावर "विरघळणारं" लिहिलं आणि शाई ओलीच होती. पहिली तीन अक्षरं आता आरपार दिसतात.