राक्षसापेक्षा आपली इमारत मोठी दिसली पाहिजे

तर जायंट्स कॉजवेला पर्यटक केंद्र बांधायचं काम तुम्हाला मिळालंय. अभिनंदन! उत्तर आयर्लंडचा किनारा, बेसॉल्टचे सुमारे 40,000 खांब, बहुतेक षटकोनी, पायऱ्यांसारखे समुद्रात उतरलेले. दबून जाऊ नका. पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, तडकला, एवढंच. त्याच्याकडे पदवीसुद्धा नव्हती.

2012 साली तिथे उघडलेल्या केंद्राचा कित्ता मात्र गिरवू नका. हेनेगन पेंग या आर्किटेक्ट मंडळींनी जमिनीलाच दोन घड्या घातल्या. एक वर उचलून तिच्या पोटात इमारत ठेवली, दुसरी खाली दाबून तिच्यात गाड्या लपवल्या. वर गवत पेरलं. कोट्यवधी पौंड कशासाठी, तर इमारत दिसू नये म्हणून! फीत कापायला आलेल्या पाहुण्याने फोटो कशासमोर काढायचा?

आता दंतकथेकडे या. फिन मॅककूल या राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनानडॉनरशी लढायला समुद्रात हा रस्ता बांधला. प्रतिस्पर्ध्याचा आकार पाहून तो घरी पळाला. बायकोने त्याला दुपटं गुंडाळून पाळण्यात निजवलं. बाळ एवढं, तर बाप केवढा असेल, या धास्तीने बेनानडॉनर रस्ता उखडत माघारी पळाला. (पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर तसेच खांब आहेत, म्हणजे पुरावाही तयार.) या कथेत बाप कुणालाच दिसत नाही, भीती त्या न दिसण्याचीच आहे, असं एखादा शहाणा म्हणेल. त्याला बैठकीला बोलावू नका. तुम्ही फायबरचा तीन मजली फिन उभारा, डोळ्यांत दिवे लावा आणि पाळणा बटण दाबल्यावर हलला पाहिजे.

खडकांच्या फटींत लोक नाणी खोचतात. ती गंजून फुगतात, दगड फुटतो, तांबूस ओघळ उतरतात. ही जागा सांभाळणारी संस्था, ‘नॅशनल ट्रस्ट’, बिचारी लोकांना विनवण्या करते. तुम्ही प्लास्टरचे फटी असलेले खांब बनवून दारातच ठेवा, नाणीही आपल्याच गल्ल्यात.

अठराव्या शतकातले इंग्रज लेखक डॉ. सॅम्युअल जॉन्सन या जागेबद्दल म्हणाले होते, की पाहण्याजोगी आहे, पण पाहायला जाण्याजोगी नाही. त्यांची अडचण तुमच्या केंद्राने सुटते: पडद्यावर खांब, दुकानात खांब, खांबाच्या आकाराचं साबण. खाली किनाऱ्यापर्यंतची चाल वाचली. तिथे वाराही फार असतो.