'हौसेला मोल नसतं' म्हणणाऱ्या वाचकांस

मागच्या महिन्यात आमच्या २०१२ च्या टोयोटा सेकोयाला मागचा जाड स्वे बार (वळणात गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा) बसवल्याची हकिकत इथे लिहिली होती. त्यावर परवा एक प्रतिक्रिया आली. टोपणनावाने आहे. लिहिणारे या क्षेत्रातले असावेत, निदान आपल्याला तसं वाटावं अशी त्यांची इच्छा दिसते. प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको:

"हौसेला मोल नसतं हे खरं, पण कंपनीचे इंजिनिअर काही मूर्ख नाहीत. फक्त मागचा बार जाड केला की निसरड्या रस्त्यावर मागची चाकं आधी पकड सोडतात, आणि तुम्ही तर बर्फात राहता. स्टॅबिलिटी कंट्रोलचं गणितही मूळ बार धरूनच केलेलं असतं. 'बार जितके टक्के जाड, तितके टक्के ताठ' हे तर साफ चूक. नवशिक्यांनी हे वाचून गाडीखाली शिरू नये, म्हणून लिहितो."

आधी चूक कबूल करतो. जाडी आणि ताठपणा यांचं गणित मी सरळ त्रैराशिकासारखं मांडलं होतं, ते चुकलं. भरीव बारचा पीळ-ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १० टक्के जाड बार साधारण ४६ टक्के ताठ होतो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे. म्हणजे मी सांगितलं त्याहून हा बार जास्तच काम करतो. आता हा मुद्दा तुमच्या बाजूचा की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

आता 'हौस'.

हा शब्द वाचून मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. हौस म्हणजे काय हो? चकचकीत रिम्स, धूर ओकणारा सायलेन्सर, काचेवर पूर्वजांची नावं. माझ्या गाडीचा बार बघायचा तर पाठीवर झोपून आत सरकावं लागतं. इतकी लपलेली हौस कुणी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

लेखात मी कारण लिहिलं नव्हतं, कारण ते घरातलं होतं. पण तुम्ही विषय काढलाच आहे. गेल्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली होती. वय ७४. तिला ग्लेनवूड स्प्रिंग्जची गरम पाण्याची कुंडं बघायची होती. वज्रेश्वरीला एकदा जाऊन आल्यापासून तिला कुठल्याही गरम पाण्यात पाय बुडवल्याशिवाय चैन पडत नाही. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने निघालो. आम्ही सातजण, त्यामुळे आई हट्टाने सगळ्यात मागच्या रांगेत, नातवंडांमध्ये बसलेली. फ्लॉइड हिलच्या उतारावरची वळणं ज्यांनी मोठी गाडी घेऊन उतरली आहेत त्यांना सांगायला नको. अडीच टनांच्या वरची गाडी, मागे माणसं, टपावर सामान. एका वळणात डावीकडे कलते, सावरते न सावरते तोच उलटं वळण येतं. आरशात बघितलं तर आईने खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं, डोळे मिटलेले. म्हणाली, "अरे, ही गाडी आहे का होडी?" व्हेल पासच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. पुढचं लिहीत नाही. पिशवी तिच्याकडे होती, एवढंच सांगतो. परत येताना ती पुढे बसली, तरी दीड तास एक शब्द बोलली नाही. माझी आई!

त्यानंतर तो बार आला. याला हौस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणि 'नवशिक्या' हा शब्द. अनेकवचनी आहे, मोघम आहे, पण रोख कुणावर आहे ते न कळण्याइतका मी भाबडा नाही. १९९६ ते ९९ मी भोसरीच्या एका कारखान्यात कमानपाटे तयार होताना बघितले आहेत. नुसते बघितले नाहीत, तापवलेला पाटा तेलात जाताना जो वास येतो तो अंगाला लावून तीन वर्षं घरी गेलो आहे. शाळेत असताना मामाच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून वरंध घाट उतरलो आहे. पोलादात पीळ कसा भरतो आणि कसा सुटतो हे मला कुणी पुस्तकातून सांगायची गरज नाही. तुम्ही तुमच्या क्षेत्रात मोठे असाल, त्याबद्दल आदरच आहे. पण समोरच्याचं आयुष्य माहीत नसताना त्याला रांगेत मागे उभं करणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे.

कंपनीचे इंजिनिअर मूर्ख नाहीत, असं तुम्ही म्हणता. मी कधी म्हटलं आहेत म्हणून? उलट त्यांच्यावर माझा तुमच्यापेक्षा जास्त विश्वास आहे. याच कंपनीने, याच पिढीच्या सेकोयाचं टीआरडी (म्हणजे टोयोटाचाच रेसिंग विभाग) स्पोर्ट मॉडेल २०१८ साली काढलं आणि त्यात टीआरडीचे स्वे बार स्वतःच बसवून दिले. ही पिढी २००८ पासून २०२२ पर्यंत चालली. मागे तेच डबल विशबोन सस्पेन्शन, पुढे तेच ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. मी जो बार बसवला तो अशाच एका अपघातात गेलेल्या टीआरडी स्पोर्टचा, भंगारवाल्याकडून १४० डॉलरला आणलेला. म्हणजे माझा बार त्याच अमूर्ख इंजिनिअरांच्या हातचा आहे. (हो, कंपनी पुढचा आणि मागचा असे दोन्ही बार देते, सोबत बिल्स्टीनचे शॉकअप. त्या भंगारवाल्याकडे पुढचा वाकलेला होता. तो पुढे बघू.)

बसवण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, नुसतं 'गाडीखाली शिरू नये' म्हणालात. मी नुसत्या जॅकवर शिरलो नव्हतो. पुढच्या चाकांना ठोकळे, मागे दोन्ही बाजूंना स्टँड, आणि शिरण्याआधी गाडी खांद्याने हलवून बघितली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, त्यामुळे बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या लिंकचा नट पार गंजून बसला होता. पाना लावला की आतला दांडाच सोबत गोल फिरे. शेवटी दांड्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने पाना. पाव वळसा, श्वास, पाव वळसा. एका नटाला पन्नास मिनिटं. गंजाचा भुगा चष्म्यावर. नवे रबर सिलिकॉन ग्रीस लावून बसवले, बोल्ट आधी हातानेच आवळले, मग गाडी चार जाड फळ्यांवर चढवून, चारही चाकांवर वजन असताना टॉर्क रेंचने पक्के केले. हे शेवटचं लेखात लिहायचं राहिलं होतं, कारण ते मला सांगण्यासारखं वाटलंच नाही. ज्याला हे माहीत नाही त्याने खरंच गाडीखाली शिरू नये. इथे आपलं एकमत आहे.

राहिलं निसरड्या रस्त्याचं आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचं, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेचं. मागचा बार ताठ केला की वळणात बाहेरच्या मागच्या चाकावर जास्त भार जातो, आतलं हलकं होतं, हे मलाही माहीत आहे. पुस्तकात बरंच काही असतं. प्रत्यक्षात या जानेवारीत सिल्व्हरथॉर्नच्या एका गोल चौकात गाडीची मागची बाजू थोडी सरकली. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. म्हणजे तुमचा तो स्टॅबिलिटी कंट्रोल व्यवस्थित चालू आहे. शिवाय माझे टायर जुने होते. आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन, १ सप्टेंबर ते ३१ मे, टायरवर ३/१६ इंच खाच लागते असा इथला नियमच आहे, आणि माझी त्याच्या काठावर होती. त्यात बारचा काय दोष? असो, यावर जास्त लिहीत नाही.

बाकी प्रतिक्रिया जरूर देत चला. फक्त पुढच्या वेळी 'पण'च्या आधीचं वाक्य गाळून पाठवलंत तर वाचायला सोपं जाईल.

ता. क. – परवा चारही टायर बदलले. त्याचा तुमच्या प्रतिक्रियेशी काहीही संबंध नाही.