जुन्या बाजारातले कपडे 'मयताचे'? त्या मेसेजला उत्तर

लग्नसराई जवळ आली की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "जुन्या बाजारातून कपडे घेऊ नका. ते मयताचे असतात, त्यांनी खरूज होते, दोन धुण्यांत विरतात. त्यापेक्षा दोनशे रुपयांत ऑनलाइन नवा घ्या." हे वाचून गरजू माणूस चांगल्या कापडाला मुकतो, याचं मला वाईट वाटतं.

'मयताचे' हा मुद्दा आधी. आठवडी बाजारातला बराच माल बोहारणींच्या हातून आलेला असतो. घरातली बाई पातेलं घेते आणि बदल्यात पोराची आखूड झालेली पँट, न होणारा ब्लाउज, दोनदाच नेसलेली साडी देते. परदेशातला वापरलेला मालही असतो. तो गुजरातेत कांडला बंदराजवळ निवडला जातो, फाडलेल्या चिंध्या पानिपतला जातात आणि त्यांच्या सुताची ब्लँकेटं होतात. पोरं वाढतात, अंग सुटतं, हौस फिरते, म्हणून कपडे निघतात. एखादा सदरा खरंच गेलेल्या माणसाचा असला, तरी धुतलेल्या सुतात वाईट ते काय उरतं?

खरजेची भीती अगदीच खोटी नाही. पण खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते आणि तिचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच तग धरतो. कपडे आणले की कडक पाण्यात धुवा. गरम पाणी न सोसणारं कापड पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, मग धुवा.

खरा वाद 'विरतात' या शब्दाशी आहे. नवं कापड पहिल्या धुण्यात आटेल का, रंग सोडेल का, हे दुकानात कळत नाही. जुन्याचं आटणं आणि रंग जाणं होऊन गेलेलं असतं. जे टिकलंय ते समोर दिसतं. फक्त बघायला हवं. सदरा उजेडासमोर धरा: खांद्यावर, कोपरावर कापड जाळीसारखं दिसलं तर सोडा. पँटचं आसन आणि मांड्यांची आतली बाजू बघा. मग कपडा उलटा करून शिलाईत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलीय ते पाहा. चांगल्या शिंप्याने बोटभर माया ठेवलेली असते, म्हणजे पुढे सैल करता येतो. काजांचे दोरे सुटलेत का, चेन अडकते का, तेही तपासा. सुती असल्याची खात्री हवी तर विकणाऱ्याला विचारून मायेतल्या कापडाचा (शिलाईचा नव्हे) एक दोरा ओढून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख चुरगळते; पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

दोनशेच्या नव्या शर्टात बहुधा तोच मणी निघतो, आणि माया जेमतेम असते. भुसावळचा पारा ४५च्या घरात जातो तेव्हा असला शर्ट पाठीला चिकटून बसतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात, त्याच पैशात जुना जाड सुती सदरा मिळत असताना हा का घालायचा? बटण तुटलंय, तुरपाई उसवलीय, एवढ्याने माल टाकू नका. ते काम शिंपी थोडक्यात करतो आणि त्याच खोटीवर भाव खाली येतो.

अंतर्वस्त्रं मात्र जुनी घेऊ नका. इलॅस्टिक गेलेलं, बगलेत कडक पिवळे डाग पडलेलं, उग्र अत्तर मारलेलं, तेही नको.